फेरूनमधले सोयीस्कर प्रलय

फेरून नावाच्या एका कल्पित खंडात, तिथल्या डेल कालगणनेच्या १३५८ व्या वर्षी, एक विलक्षण घटना घडते: देशोदेशीचे सगळे भाडोत्री मारेकरी एकाच क्षणी मरून पडतात. कुणी एखाद्या सरदाराच्या गच्चीवर दबा धरून बसला असेल, कुणी खंजिराला विष चोपडत असेल, कुणी नुकतीच सुपारी घेऊन मद्यशाळेच्या कोपऱ्यात नाणी मोजत असेल. ज्याचा त्याचा श्वास जिथल्या तिथे थांबतो. कथेत याचे कारण दिले आहे. त्या वर्षी देवांना स्वर्गातून हाकलून पृथ्वीवर मर्त्य देहांत राहायला लावले गेले होते आणि जुलूमाचा देव बेन याला एका लढाईसाठी अफाट बळ हवे होते. ते त्याने मारेकऱ्यांचे प्राण शोषून मिळवले. कथेबाहेरचे कारण मात्र अगदी कोरडे, कार्यालयीन आहे. १९८९ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या प्रगत नियमावलीची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यातून ‘असॅसिन’ हा पात्रप्रकार वगळण्यात आला. पहिल्या आवृत्तीत खेळाडूला मारेकरी होता येत असे; आता येणार नव्हते.

आपण इथे क्षणभर थांबू या, कारण या एका तपशिलात एका संपूर्ण कलाप्रकाराची खोड दडलेली आहे. नियमावलीतला एक मजकूर काढून टाकायचा, तर तो गुपचूप काढता आला असता. त्या काळात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचे आरोप होत होते, कंपनीला आपली प्रतिमा सौम्य करायची होती, आणि नव्या पुस्तकात एक प्रकरण कमी दिसले म्हणून कुणी दाद मागितली नसती. पण फेरूनच्या कर्त्यांना हे मौन मानवले नाही. छापील पानावरून जे नाहीसे झाले ते जगातूनही नाहीसे झाले पाहिजे, आणि जगातून नाहीसे व्हायचे तर त्याला मरण हवे, मरणाला कारण हवे, कारणाला कथा हवी, असा त्यांचा हट्ट. या हट्टाची फळे तरी किती दूरवर गेली पाहा. मारेकऱ्यांचा उपास्य देव भाल त्याच उलथापालथीत मारला गेला. आपले मरण त्याने आधीच ओळखले होते आणि मर्त्य स्त्रियांच्या पोटी संतती मागे ठेवली होती, असे पुढे ठरले. आणि १९९८ मध्ये त्या अनाथ संततीपैकी एकाची कथा ‘बॉल्डर्स गेट’ या संगणकखेळाचा विषय झाली. नियमांच्या पुस्तकात कुणीतरी मारलेली एक काट, आणि नऊ वर्षांनी तिच्यातून उगवलेले एक महाकथानक!

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. चारपाच जण मेजाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र होतात. बोलता बोलता कथा घडते आणि जिथे यशापयशाची शंका असेल तिथे फासे टाकले जातात. यात नियम एका बाजूला असतात आणि कथा जिथे घडते ते जग दुसऱ्या बाजूला. ते जग सूत्रधाराने स्वतः रचावे किंवा प्रकाशकाने छापलेले विकत घ्यावे: नकाशे, राज्ये, देव, सराया, वंशावळी, बाजारभाव, सगळे तयार. आणि इथेच अडचण सुरू होते. नियम काही वर्षांनी जुने होतात, खटकू लागतात, विकलेही जायचे थांबतात. मग नवी आवृत्ती येते. १९८९, २०००, २००८, २०१४, आणि २०२४ ची सुधारलेली. जग मात्र तसे जुने होत नाही. त्यात लोकांनी वर्षानुवर्षे वास्तव्य केलेले असते. नियमांच्या पायाखाली सुरुंग लावताना वरचे घर कसे राखायचे, या प्रश्नाला प्रत्येक अधिकृत कथाविश्वाने आपापले उत्तर दिले आहे, आणि ही उत्तरे चवीचवीने वाचण्याजोगी आहेत. त्यांत मला सर्वांत रसाळ वाटते ते फेरूनचे, म्हणजे ‘फरगॉटन रेल्म्स’ या कथाविश्वाचे.

एड ग्रीनवुड हा त्याचा जनक. कॅनडातल्या ओंटारिओचा, पुढे ग्रंथपाल झालेला हा माणूस. खेळ जन्मण्याच्याही आधी, १९६०च्या दशकात, लहान वयातच त्याने हे जग स्वतःच्या गोष्टींसाठी रचायला घेतले होते. पुढे ‘ड्रॅगन’ मासिकात तो लेख लिहू लागला. लेखांचा विषय साधा असे, एखादी जादूची वस्तू, एखादा विचित्र प्राणी. पण ती माहिती आपण एलमिन्स्टर नावाच्या म्हाताऱ्या, वाचाळ, थोड्या आगाऊ जादूगाराकडून ऐकली आहे अशी त्याची बतावणी असे. टीएसआर या प्रकाशन कंपनीतल्या जेफ ग्रब यांना त्या लेखांमागे काहीतरी मोठे असल्याचा वास आला. त्यांनी फोन करून विचारले की तुमच्याकडे खरोखरच एवढे जग तयार आहे, की लिहिता लिहिता रचता. आणि ग्रीनवुडने दोन्ही प्रश्नांना होकार दिला! १९८७ मध्ये करड्या रंगाच्या खोक्यातून ते जग बाजारात आले.

आता एलमिन्स्टरच्या बतावणीकडे नीट पाहा. वरवर ती एक गंमत आहे. पण जगाची सारी माहिती ज्याच्या तोंडून येते तो निवेदकच जगातला एक माणूस असला, तर त्याला चुकण्याचा, लपवण्याचा, फुशारकी मारण्याचा हक्क मिळतो. १९९२ पासून निघालेल्या ‘व्होलो’च्या प्रवासमार्गदर्शिकांत ही युक्ती आणखी बहरते. व्होलो हा एक उथळ, चवीने खाणारा, ऐकीव गोष्टी ठासून सांगणारा प्रवासवर्णनकार. तो एखाद्या खानावळीबद्दल किंवा एखाद्या जादूगाराच्या लफड्याबद्दल काहीतरी लिहितो आणि मध्येच एलमिन्स्टरची टीप येऊन त्याला खोटे पाडते. वाचणाऱ्याने कुणावर विश्वास ठेवायचा? ज्याचे त्याने ठरवावे. पुढल्या आवृत्तीत एखाद्या गावाची लोकसंख्या बदलली, एखाद्या राजाचे वय जुळेना, एखादी नदी सरकली, तर त्याचा दोष छपाईला देण्याची गरजच उरत नाही. आधीचा सांगणारा व्होलो होता एवढे पुरते. बदल पचवण्याची शक्ती या जगाने जन्मतःच अंगी बाणवली होती, कदाचित नकळत.

परंतु नदी सरकणे वेगळे आणि जादूचे गणितच बदलणे वेगळे. त्यासाठी ग्रीनवुडच्या जगात एक देवी आहे, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचे मर्म तिच्यापाशी आहे. फेरूनमध्ये जादूगार कच्च्या शक्तीला थेट हात घालत नाही. सृष्टीभर एक अदृश्य वस्त्र विणलेले आहे. मंत्र म्हणणे म्हणजे त्या वस्त्राचा एखादा धागा अलगद ओढणे. आणि ते वस्त्र सांभाळते ती मिस्ट्रा. कोणता धागा कुणाला लागावा, किती ओढला जावा, हे तिच्या मर्जीवर. आता खेळाच्या दृष्टीने पाहिले, तर जादूगाराला काय करता येते आणि काय येत नाही हे ठरवणारी गोष्ट कोणती? नियमावली. म्हणजे मिस्ट्रा ही त्या जगात मानवी रूप घेऊन वावरणारी नियमावलीच आहे. आणि म्हणूनच आवृत्ती बदलली की तिची धडगत नसते.

तिच्या मरणांची मालिका पाहावी. प्राचीन काळी नेथेरिल नावाचे जादूगारांचे साम्राज्य होते, ज्याची नगरे पर्वतांची शिखरे उलटी करून आकाशात तरंगत ठेवलेली. तिथल्या कार्सस नावाच्या महाजादूगाराने देवत्वच हिरावून घ्यायचा मंत्र रचला. तेव्हाच्या देवीचे, मिस्ट्रिलचे, सामर्थ्य त्याच्यात ओतले गेले आणि ते त्याला एक क्षणही पेलवेना. वस्त्र फाटू लागले. ते वाचवण्यासाठी मिस्ट्रिलने स्वतःचा बळी दिला, क्षणभर जगातली सगळी जादू थांबली आणि आकाशातली नगरे कोसळली. नवी देवी, मिस्ट्रा, जन्मली तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती ही की नवव्या पातळीच्या पलीकडचा कोणताही मंत्र कुणालाही मिळणार नाही, अशी मेख मारून ठेवली. खेळ खेळलेल्या वाचकाला इथे हसू फुटल्याशिवाय राहत नाही. कारण खेळाच्या नियमांत जादूगारांचे मंत्र पहिल्यापासून नवव्याच पातळीपर्यंत आहेत. तो एका रचनाकाराने आखलेला निव्वळ तक्ता आहे. १९९६ मध्ये नेथेरिलवर स्वतंत्र संच काढताना त्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीखाली एवढा थोरला शोकान्त इतिहास रचला गेला. तक्ता नवव्या ओळीवर का थांबतो, हे विचारण्याचे धाडसही कुणी करत नाही. इथे त्याचे उत्तर एका साम्राज्याचा विनाश होऊन येते.

दुसरे मरण १३५८ सालचे, मारेकऱ्यांच्याच वर्षीचे: स्वर्गाच्या पायऱ्या चढू पाहणाऱ्या मिस्ट्राला पहारेकरी देव हेल्म अडवतो आणि ठार करतो, तिच्या आसनावर मिडनाइट नावाची एक मर्त्य जादूगारीण बसते आणि पुढे तीच मिस्ट्रा म्हणवली जाते. जग दुसऱ्या आवृत्तीत शिरते. तिसरे मरण १३८५ चे, आणि ते सर्वांत भयंकर. त्याकडे येतोच आहोत.

त्याआधी या वर्षांच्या नावांचा आस्वाद घ्यायला हवा. फेरूनमधल्या प्रत्येक वर्षाला नाव आहे, आणि ती नावे ऑगाथ्रा नावाच्या एका वेड्या द्रष्टीने शतके आधीच लिहून ठेवली आहेत. आपल्या पंचांगात प्रभव, विभव, शुक्ल अशी साठ संवत्सरे फिरून फिरून येतात आणि पाडव्याला पंचांगवाचनात या वर्षीचे नाव ऐकताना मनात एक अंधुक अपेक्षा जागी होते. तशीच ही यादी, फक्त इथले चक्र कधी पुन्हा फिरत नाही. १३५७ राजपुत्राचे वर्ष. १३५८ छायांचे. १३७२ उच्छृंखल जादूचे. १३८५ निळ्या ज्वालांचे. नाव आधी ठाऊक, घटना मागून. त्यामुळे प्रत्येक घटना, मग ती कंपनीच्या एखाद्या बैठकीत कितीही घाईने ठरलेली असो, नियतीने नेमून दिल्यासारखी भासते. संपादकीय सोयीला भविष्यवाणीचा साज चढवणारी ही यादी मला फेरूनच्या साऱ्या अलंकारांत सर्वांत मोहक वाटते. आणि तिच्यात मिश्कीलपणाही आहे: १४९२ या वर्षाचे नाव तीन जहाजांच्या सफरीचे वर्ष. कोलंबसाचे साल ओळखीचे असलेल्या कुणालाही कर्त्यांचा मिचकावलेला डोळा दिसेल.

तर निळ्या ज्वालांचे वर्ष. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली ती जुने घर पाडून नवे बांधावे अशा आवेशाने. मंत्र सकाळी पाठ करून ठेवायचे आणि एकदा उच्चारले की विसरायचे, ही जॅक व्हान्सच्या कथांतून उचललेली जुनी चाल जवळजवळ मोडीत निघाली. योद्ध्यापासून जादूगारापर्यंत सर्वांच्या करामती एकाच साच्यात आल्या, काही हव्या तेव्हा वापरायच्या, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. एवढा मोठा बदल गुपचूप होणे शक्यच नव्हते. कथेत सिरिक या विश्वासघातकी देवाने, अंधाराची देवी शार हिच्या साहाय्याने, मिस्ट्राचा खून केला. वस्त्र सांभाळणारे कुणी उरले नाही. मंत्रांची जणू साथच पसरली: निळ्या आगीचे लोट देशोदेशी फिरले, ज्याला शिवले ते वितळले किंवा विरूप झाले, भूमीचे तुकडे आकाशात तरंगू लागले, समुद्राचे पाणी भूगर्भात शिरून त्याची पातळी उतरली, हालरुआ हे जादूगारांचे राज्य उद्ध्वस्त झाले. शिवाय आदिकाळी विलग झालेले एबीर नावाचे जुळे जग फेरूनच्या ग्रहावर, टोरिलवर, येऊन आदळले आणि त्याचे लचके इथल्या भूमीच्या जागी येऊन बसले. आणि एवढ्यावर न थांबता कर्त्यांनी कालगणनाच जवळजवळ शंभर वर्षे पुढे ढकलली; नवे पुस्तक उघडले की वर्ष १४७९. जुन्या खेळाडूंची पात्रे, त्यांचे मित्र, त्यांच्या खानावळीतली ओळखीची माणसे, दीर्घायुषी एल्फ आणि बौने वगळता, काळाच्या उदरात गेलेली.

वाचकांना हे फार लागले. वर्षानुवर्षे जपलेला नकाशा एका पुस्तकाने परका केला, ही त्यांची तक्रार, आणि ती खोटी नव्हती. तरीसुद्धा मला त्या पुस्तकातल्या एका जागेचे अतिशय कौतुक आहे, आणि आपणही ते मोकळ्या मनाने करावे. चौथ्या आवृत्तीने ड्रॅगनबॉर्न ही ड्रॅगनवंशीय, मानवसदृश जमात मुख्य नियमावलीत आणली. कुणीही खेळाडू आता ड्रॅगनबॉर्न म्हणून खेळू शकणार होता. मग प्रश्न: इतकी शतके ही जमात फेरूनमध्ये कुठे होती? उत्तर सरळ दिले: नव्हतीच. त्या जुळ्या जगात ती ड्रॅगनांची गुलाम होती, त्यांच्याविरुद्ध उठली होती, आणि तिचा देश या उलथापालथीत उचलला जाऊन इथे, अनथर नावाच्या प्राचीन राज्याच्या जागी, पडला. टायमॅन्थर असे नव्या देशाचे नाव झाले. पाहुणे आले आणि यजमानांचे घरच नाहीसे झाले, असा हा प्रवेश. नव्या आलेल्यांना वाटते आपण उखडले गेलो. जुन्यांचा मागमूसच नाही. शेजारी देश दोघांकडेही संशयाने पाहतात. नियमावलीत एक जमात वाढवण्याचा साधा व्यवहार, आणि त्यातून विस्थापितांच्या राष्ट्राची अशी कथा निघावी जिच्यावर एखाद्या लेखिकेने कादंबऱ्या लिहाव्यात! एरिन इव्हान्स यांनी त्या लिहिल्याही.

याच प्रश्नाला एबरॉन या दुसऱ्या कथाविश्वाने काय उत्तर दिले ते शेजारी ठेवून पाहिले की दोन्ही खुलतात. एबरॉन कीथ बेकर यांची निर्मिती. २००२ मध्ये कंपनीने नव्या कथाविश्वासाठी खुली स्पर्धा घेतली, तिला अकरा हजारांवर प्रस्ताव आले, आणि त्यांतून निवडलेले हे जग २००४ मध्ये छापले गेले. त्याच्या कर्त्यांनी पहिल्याच दिवशी एक घड्याळ बंद करून ठेवले: वर्ष ९९८, महायुद्ध संपून दोन वर्षे झालेली, शांतता तकलादू. २००९ च्या, चौथ्या आवृत्तीतल्या पुस्तकातही ९९८, २०१९ च्या पाचव्या आवृत्तीतल्या पुस्तकातही ९९८. कादंबऱ्यांत काहीही घडो, जग पुढे सरकत नाही. पुढचे पान प्रत्येक मेजावर वेगळे लिहिले जावे. मग ड्रॅगनबॉर्न आले तेव्हा? ते क्यूबाराच्या जंगलात आधीपासून होतेच. वसाहत करायला गेलेल्या लोकांना ते आणि तिथले सरडेमानव यांतला फरक ओळखता आला नव्हता, एवढेच. केवढे हे चातुर्य, आणि केवढा बोचरा शेराही! प्रलय नाही, देवीचा खून नाही, दोन ग्रहांची टक्कर नाही; वसाहतवाद्यांची आंधळी नजर पुरली. रचनेच्या काटकसरीत एबरॉन श्रेष्ठ, हे निःशंक मान्य. पण ज्या जगात प्रलयच येत नाहीत त्यात प्रलयाच्या खुणाही सापडत नाहीत, आणि मला वैयक्तिक रुचीने त्या खुणांचाच सोस जास्त.

तिसरी वाट डार्क सनची: मागे जाणे. १९९१ मध्ये आलेले हे तापलेल्या, ओसाड, धातू दुर्मीळ झालेल्या जगाचे चित्र ब्रॉम यांच्या रंगांमुळे आजही अंगावर येते. पण त्याच वर्षी सुरू झालेल्या कादंबरीमालिकेने त्याचे मोठमोठे जुलमी राजे एकामागून एक मारून टाकले, आणि १९९५ च्या सुधारित संचाला ते मानून पुढे जावे लागले. खेळाडूंनी ज्यांच्याशी झुंजायचे ते शत्रूच लेखकाने आधी संपवले होते. २०१० मध्ये चौथ्या आवृत्तीने काळ उलटा फिरवला आणि पहिला राजा नुकताच मेला आहे, टिर नगर नुकते स्वतंत्र झाले आहे, अशा उंबरठ्यावर जग पुन्हा उभे केले. ग्रेहॉकचेही असेच, फक्त अधिक संथपणे. गायगॅक्स यांचे हे जग १९८० मध्ये प्रथम छापले गेले, १९९१ पासून त्यावर महायुद्धे लादली गेली, २००० मध्ये त्याचे देव साऱ्या खेळाचे देव म्हणून मुख्य पुस्तकात गेले. त्या वेळी ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ नावाच्या सामूहिक मोहिमेत खऱ्या पृथ्वीवरच्या प्रदेशांना नकाशावरची एकेक राज्ये वाटून दिली गेली होती, ही कल्पनाच किती रम्य! आणि २०२४ च्या सूत्रधार-पुस्तकात ते नमुना जग म्हणून परतले ते थेट ५७६ या वर्षी, म्हणजे १९८३ च्या खोक्यातल्या वर्षी. मधली युद्धे जणू अजून व्हायची आहेत.

फेरूनला मागे जाणे जमले नसते. तिथे झालेले पुसत नाहीत. म्हणून २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपूर्वी कर्त्यांनी पुन्हा एक प्रलयच योजला, पण या वेळी जोडणारा. सहा लेखकांच्या सहा कादंबऱ्यांतून तो सांगितला गेला. शेवटची खुद्द ग्रीनवुडची. चिकटलेली दोन जगे पुन्हा वेगळी झाली, विस्थापित भूमी आपापल्या ठिकाणी परतल्या, हालरुआ पुन्हा दिसू लागले, मिस्ट्रा परत आली. आणि इथे एक सुरेख बारकावा आहे. अनथरही परतले, पण टायमॅन्थर पूर्णपणे गेले नाही. आता जुने मालक आणि पाहुणे एकाच भूमीवर समोरासमोर आहेत. सगळे पूर्ववत करण्याचा मोह कर्त्यांना आवरता आला याचे हे गमक. वर्ष मात्र पुढेच गेले, १४८९ आणि नंतर १४९२ पर्यंत. शंभर वर्षांचे अंतर नाहीसे केले नाही, त्याला ओळखीची माणसे परत दिली.

त्या ओळखीच्या माणसांत डर्नन आहे. वॉटरडीप शहरातली ‘यॉनिंग पोर्टल’ ही त्याची सराय. तिच्या मधोमध एक रुंद विहीर, विहिरीखाली एका वेड्या जादूगाराचे अथांग भुयार. पहिल्या काळापासून धाडसी लोक दोर धरून तिच्यात उतरत आले आणि मेजावर बसलेले मद्यपी ते परत येतील की नाही यावर पैजा लावत आले. मिस्ट्रा मेली, समुद्र उतरला, देव गेले, देव आले. डर्ननच्या सरायेत खाली उतरायचे अजूनही एक सोन्याचे नाणे पडते आणि वर यायचेही एक. दरपत्रकाची ही स्थितप्रज्ञता मला प्रलयांहून अधिक आश्वासक वाटते.

नकाशाबद्दल एवढेच, की तो मात्र इतका स्थितप्रज्ञ नव्हता. १९९० मध्ये कॅरेन विन फॉन्स्टॅड या भूगोलज्ञ चित्रकर्तीने, जिने टोल्किनच्या मध्यभूमीचाही ॲटलास केला होता, फेरूनचा ॲटलास काढला तो मोठ्या निष्ठेने. आणि २००१ च्या पुस्तकासोबत आलेल्या नकाशात मोकळी माळराने आवळून खंडच लहान केला गेला. कुणी चांगला देव असता तर या आकसण्यालाही एक कथा मिळाली असती! पण भूगोल आकसल्याचा प्रलय कुणी लिहिला नाही, आणि फेरूनच्या इतिहासातली ही एकमेव अनाथ दुरुस्ती असावी.

सेंबिया या व्यापारी देशाची कहाणी त्याहून हृद्य. सुरुवातीच्या संचात तो मुद्दाम रिकामा सोडलेला होता: कंपनी इथे काही लिहिणार नाही, सूत्रधारांनी तो आपला समजावा. पुढे कादंबऱ्यांची एक मालिकाच त्या देशावर बेतली गेली आणि दिलेले वचन हळूहळू विरले. पण ज्यांनी मधल्या वर्षांत तिथे आपली शहरे वसवली होती, त्यांच्या वह्यांतला सेंबिया कुठल्या प्रलयाने पुसला? २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की पाचव्या आवृत्तीपुरती तिचीच पुस्तके प्रमाण. जुन्या कादंबऱ्या, जुने संच बंधनकारक नाहीत. काहींना हा इतिहासाचा अवमान वाटला. मला वाटते, हे एलमिन्स्टरने व्होलोच्या पुस्तकात लिहिलेल्या टिपेहून वेगळे नाही.

आणि इतिहास तर ओसंडून येतोच. २०२३ चा ‘बॉल्डर्स गेट ३’ हा संगणकखेळ १४९२ मध्ये, तीन जहाजांच्या वर्षी घडतो. त्यात गेल नावाचा वॉटरडीपचा एक देखणा, शब्दबंबाळ जादूगार आहे, जो कधीकाळी खुद्द मिस्ट्राचा प्रियकर होता आणि तिला भेट द्यावी म्हणून नेथेरिलच्या एका भयंकर अवशेषाला हात घालून बसला आहे. कटाच्या मुळाशी आहे कार्ससचा मुकुट. १९९६ चा तो संच ज्यांनी पाहिलाही नाही, ज्यांतले कित्येक तेव्हा जन्मलेलेही नव्हते, असे लाखो खेळाडू कार्ससचे नाव ऐकून जपून पावले टाकतात. नवव्या पातळीच्या तक्त्यातून निघालेली ती आख्यायिका आता त्यांच्या रात्रींची झोप उडवते. व्होलो एका गोब्लिनांच्या छावणीत कैद होऊन पोवाडे गात बसलेला सापडतो, अजूनही तितकाच उथळ. आणि मिस्ट्राचा निरोप घेऊन वाटेत एक दमलेला म्हातारा येतो: टोकदार टोपी, लांब दाढी, हातात काठी. निरोप प्राणांतिक आहे; देवीने गेलला स्वतःचा बळी द्यायला सांगितले आहे. पण एलमिन्स्टर तो सांगण्याआधी आपल्याला विचारतो, काही खायला आहे का.